दिवसाला एकच वाट: बोरेगो स्प्रिंग्जच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळी उरकली की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून बोरेगो स्प्रिंग्जची विचारणा सुरू होते. सॅन डिएगोच्या ईशान्येला, गाडीने साधारण दोन तासांवर, जेमतेम तीन हजार वस्तीचं हे गाव आहे. गावात एकही सिग्नल नाही. मध्यभागी ख्रिसमस सर्कल नावाचं गोल उद्यान, त्याच्या आजूबाजूला मोजकी दुकानं आणि चहूबाजूंनी आन्झा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्क. सहा लाख एकरांहून मोठं हे पार्क कॅलिफोर्नियातलं सर्वांत मोठं स्टेट पार्क आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो आहे.

प्रश्न : लाँग वीकेंडचे तीन दिवस हाताशी आहेत. बोरेगो, जोशुआ ट्री आणि पाम स्प्रिंग्ज असं सगळं बसवता येईल का? सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. (सॅन डिएगो)

कागदावर बसेल, पण सासूबाईंचे तीन दिवस गाडीच्या मागच्या सीटवर जातील. बाकीची दोन ठिकाणं पुढच्या वर्षी करा. बोरेगोत तीन दिवस राहा आणि दिवसाला एकच वाट चाला. सकाळी लवकर निघायचं, अकरा-साडेअकरापर्यंत खोलीवर परतायचं, जेवून झोपायचं आणि उन्हं उतरल्यावर जवळपास फिरायचं. वाळवंटातली माणसं आणि जनावरं याच वेळापत्रकाने जगत आली आहेत.

पहिल्या दिवशी पार्कच्या व्हिजिटर सेंटरवर जा. ही इमारत जमिनीत बसवलेली आहे. छतावर वाळवंटाचीच माती आणि झुडपं आहेत, त्यामुळे गाडी लावल्यावर इमारत शोधावी लागते. तिथून पाम कॅन्यन कॅम्पग्राउंडपर्यंत अर्ध्या मैलाहून थोडी जास्त अशी पक्की, सपाट वाट आहे. व्हीलचेअरही जाते. सासूबाईंना या वाटेवर अख्खं वाळवंट जवळून बघता येईल. ओकोटियोच्या उंच काटेरी काठ्या, बॅरल कॅक्टसचे पिंप, क्रिओसोटची झुडपं, सगळं हाताच्या अंतरावर आहे. ओकोटियो वाळून गेल्यासारखा दिसला तर एक पान शोधायला मुलाला सांगा. पाऊस पडून काही दिवस झाले असतील तर त्याच काठ्या खालपासून वरपर्यंत हिरव्यागार झालेल्या दिसतील.

संध्याकाळी गॅलेटा मेडोजचे लोखंडी प्राणी बघा. डेनिस एव्हरी या जमीनमालकाने रिकार्डो ब्रेसेडा या शिल्पकाराकडून ते करून घेतले. गावाभोवतीच्या मोकळ्या माळावर ते विखुरलेले आहेत आणि त्यांची संख्या १३० च्या वर आहे. लाखो वर्षांपूर्वी या भागात हिंडणारे हत्तीसारखे गोम्फोथेअर, उंट, सुळेवाले वाघ त्यात आहेत. समुद्रसर्पाचं धड रस्त्याच्या एका बाजूला जमिनीत शिरतं आणि शेपूट दुसऱ्या बाजूला वर येतं. सहा वर्षांच्या मुलाला तिथून हलवणं तुम्हाला जड जाईल. गाडी बहुतेक शिल्पांच्या जवळ जाते, म्हणून गुडघ्यांचीही सोय होते.

प्रश्न : पाम कॅन्यनची वाट आठ आणि अकरा वर्षांच्या मुलींना झेपेल का? काट्यांची भीती वाटते. (लाँग बीच)

झेपेल. जाऊन-येऊन सुमारे तीन मैल, म्हणजे पाच किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि चढ साडेचारशे फुटांचा. शेवटच्या टप्प्यात मोठ्या दगडांवरून पाय टाकत जावं लागतं, तो मुलींना सगळ्यात आवडेल. बोरेगोत एकच ट्रेक करायचा असेल तर मी डोळे मिटून हाच सांगेन. उघड्याबोडक्या डोंगरांमधून चालत असताना वळणानंतर एकदम पाणी आणि पाण्याकाठी ताडांची राई दिसते. हे फॅन पाम कॅलिफोर्नियाचे एकमेव मूळचे ताड. वाळलेली पानं गळत नाहीत, खोडालाच झग्यासारखी लोंबत राहतात.

राई पूर्वीइतकी दाट नाही, त्याचं कारण मुलींना वाटेतच दाखवता येईल. सप्टेंबर २००४ मध्ये या घळीत अचानक लोंढा आला आणि ताडच्या ताड उपटून खाली घेऊन गेला. वाटेच्या कडेला, पाण्यापासून लांब, दगडांत अडकलेले ओंडके दिसतात ते त्यातले. २०२० च्या जानेवारीत राईला आग लागली. पण ताडाच्या खोडात अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्या आतपर्यंत पसरलेल्या असतात. बाहेरून काळं पडलेलं झाडही शेंड्यातून पुन्हा फुटू शकतं. काळी खोडं आणि त्यांवरचे हिरवे शेंडे दोन्ही नीट बघून घ्या.

या घळीत बिगहॉर्न मेंढ्या पाण्यासाठी उतरतात. त्यांचा रंग दगडाचाच असल्यामुळे नुसतं बघत बसून दिसत नाहीत. थांबा आणि ऐका. वरून खडे घरंगळल्याचा आवाज आला की तिकडे बघा. १९९८ पासून त्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत, म्हणून दिसल्या तर जिथे आहात तिथेच थांबा आणि त्यांना पाण्यापर्यंत जाऊ द्या.

काट्यांची भीती रास्त आहे, पण ती एकाच झाडाची धरा: चोया नावाचा निवडुंग. दिसायला मऊ, लव असल्यासारखा, आणि मुलांचा हात नेमका तिकडेच जातो. नुसता कपडा घासला तरी त्याचं बोंड तुटून अंगाला चिकटतं. ते हाताने ओढलं की दुसरा हातही अडकतो. एक साधा मोठ्या दातांचा कंगवा खिशात ठेवा. कातडी आणि बोंड यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा आणि माणसांपासून दूर, बाहेरच्या दिशेने झटका द्यायचा. उरलेले काटे चिमट्याने काढा. मुलींच्या पायांत बंद बूट आणि लांब पँट असू द्या.

प्रश्न : आम्ही पुण्यात असताना हरिश्चंद्रगड, राजगड, तोरणा केलेले. इथे हेलहोल कॅन्यन करायचा बेत आहे. मुलगा तेरा वर्षांचा. किती पाणी पुरेल? (फ्रीमाँट)

सह्याद्रीतले पाय इथे उपयोगी पडतील, सह्याद्रीतला अंदाज पडणार नाही. आपल्याकडे चढताना शर्ट भिजतो, घाम डोळ्यांत उतरतो आणि शरीर पाणी मागतं आहे हे कळतं. इथल्या कोरड्या हवेत घाम निघता निघता उडून जातो. कातडी कोरडीच राहते, माणूस ‘अजून दमलो नाही’ म्हणत चालत राहतो आणि मग एकदम डोकं धरतं. म्हणून तहान लागायची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट घ्यायचे. वाटेत गडावरच्यासारखं टाकं नाही, ताक-लिंबूपाणी घेऊन बसलेल्या मावशी नाहीत.

पार्कचा सल्ला माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाण्याचा आहे. हेलहोलसाठी माणशी निदान तीन लिटर पाठीवर आणि बाकीचं गाडीत ठेवा. नुसतं पाणी पिऊ नका, सोबत मीठ पोटात जायला हवं. चिवडा, खारे शेंगदाणे, इलेक्ट्रॉलची पुडी, जे आवडेल ते. जाऊन-येऊन पाच-सहा मैलांची चाल आहे आणि चढ हजार फुटांच्या आसपास. पहिला भाग उघड्या माळावरचा. वरच्या भागात वाट ओढ्याच्या दगडांत हरवते आणि पुन्हा सापडते. शेवटी मेडनहेअर फॉल्स. कोरड्या वर्षात तिथे नुसती धार असते, पण ओल्या कातळावरचं नेचं बघायला मिळतं.

निघतानाच परतीची वेळ ठरवा आणि मुलाला सांगून ठेवा. साडेदहा म्हणजे साडेदहा. धबधबा आला नसेल तरीही मागे वळायचं. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात घड्याळ देऊन ही जबाबदारी त्याच्यावरच टाका. मुलं ती फार इमानाने पाळतात.

प्रश्न : मुलाने ‘द स्लॉट’चे व्हिडिओ बघितले आहेत, तिथेच जायचं म्हणतो. सुरक्षित आहे का? (अर्व्हाइन)

कोरड्या हवेत, हो. हायवे ७८ वरून सुटणाऱ्या कच्च्या रस्त्याने जावं लागतं. मातकट, ठिसूळ खडकातली ही घळ काही ठिकाणी इतकी अरुंद होते की पाठपिशवी काढून आडवं सरकावं लागतं. वर दोन भिंतींमध्ये एक शिळा पुलासारखी अडकलेली आहे. खाली उतरून अरुंद भाग बघा आणि त्याच वाटेने परत या. पुढे जाऊन जीपच्या रस्त्याने वळसा घालायला लोक सांगतात, पण त्यावर सावली नाही आणि बघण्यासारखंही फार नाही. भिंतींवर चढू देऊ नका, खडक सुटतो. आणि पावसाचा अंदाज असेल, तुमच्या डोक्यावर नसून लांबच्या डोंगरावर असला तरी, त्या दिवशी कुठल्याच घळीत शिरायचं नाही. वर पाम कॅन्यनच्या ओंडक्यांबद्दल लिहिलं आहे ते पुन्हा वाचा.

प्रश्न : मुलांना मोठी सुट्टी उन्हाळ्यातच असते. जुलैत गेलं तर? (सॅन होजे)

नका जाऊ. जुलैत दुपारचं सरासरी तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि त्याच्या वरही जातं. या पार्कात उन्हाने माणसं दगावली आहेत. नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. जानेवारीत दुपारी २०-२१ अंश आणि पहाटे सहा-सात, म्हणजे स्वेटर हवाच. उन्हाळ्यात डोंगरच हवे असतील तर तुमच्या घरापासून काही तासांवर सिएरा नेवाडा आहे.

प्रश्न : तिथे शाकाहारी जेवणाचं काय? (टेमेक्युला)

गावात किराणा दुकान आहे, मेक्सिकन जेवण मिळतं, बीन्स-भात-टॉर्टिया यांवर कोणी उपाशी राहणार नाही. पण ज्येष्ठ सोबत असतील तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि कोरडी चटणी घरून न्या, पुढे मुगाची खिचडी आणि पिठलं यांचं सामान पुरेसं होतं. ट्रेकवर केळी नेऊ नका, उन्हात लवकर काळी पडतात. संत्री न्या आणि सालं परत आणा. कोरड्या हवेत ती कुजत नाहीत, दुसऱ्यांना तशीच बघावी लागतात. तंबूत राहणार असाल तर जमिनीवर शेकोटी चालत नाही, धातूच्या भांड्यातच पेटवायची.

प्रश्न : आजोबांना तारे बघायचे आहेत. दुर्बीण घ्यावी का? (सॅन डिएगो)

घेऊ नका, घडीची आरामखुर्ची आणि जाड शाल घ्या. बोरेगो स्प्रिंग्जला २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय कम्युनिटी’चा दर्जा मिळाला. अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफनंतर जगातलं हे दुसरं गाव. गावकरी रात्री दिवे झाकलेले आणि मंद ठेवतात. तारीख ठरवताना पंचांग उघडा आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. पौर्णिमेला आलात तर माळ सुंदर दिसेल, आकाशगंगा दिसणार नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, तोवर कोणी मोबाइल उघडायचा नाही. हिवाळ्यात मृग, रोहिणी, कृत्तिका सुरेख दिसतात. लहानपणी अंगणातून बघितलेलं आकाश आजोबांना बहुधा पाठ असेल. नातवंडांना तेच दाखवू द्या.

प्रश्न : फुलांचा बहर नक्की कधी? (पासाडेना)

फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, पण नक्की कधीच नाही. हिवाळ्यात वेळेवर, हळूहळू झिरपणारा पाऊस झाला आणि नंतर कोरडे गरम वारे सुटले नाहीत तरच माळ फुलतो. २०१७ आणि २०१९ मध्ये तो असा फुलला की गावाकडे येणारे रस्ते गाड्यांनी तुंबले. तशा वर्षी शनिवार-रविवार टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे या. फुलांत बसून फोटो काढायचा मोह आवरा. जी रोपं चिरडतात त्यांचं बी पडत नाही, आणि पुढच्या बहराचं बियाणं तेच असतं.

प्रश्न : आईला गाडी लागते. घाटाला पर्याय आहे का? आणि साध्या सिडॅनने फाँट्स पॉइंट या कड्यावर जाता येईल का? (चुला व्हिस्टा)

फाँट्स पॉइंटचा चार मैलांचा रस्ता कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जातो. वाळू सैल असली की सिडॅन रुतते आणि काढायला येणाऱ्या गाडीचं बिल मोठं असतं. जाण्याआधी व्हिजिटर सेंटरमध्ये रेंजरना विचारा. ते रस्त्याची त्या आठवड्यातली स्थिती सांगतात.

त्याऐवजी आईला ब्लेअर व्हॅलीला न्या. रस्ता कच्चा पण कोरड्या दिवसांत साधी गाडी सहसा जाते, आणि मोर्तेरोसची वाट छोटी, सोपी आहे. इथल्या मूळनिवासी कुमेयाय लोकांच्या बायकांनी ग्रॅनाइटच्या खडकात बिया कुटून कुटून पाडलेली उखळं तिथे आहेत, काही कोपरभर खोल. एका खडकाभोवती चार-पाच जणी बसत असणार. आईला त्यांची बसायची जागा तुमच्याआधी ओळखू येईल.

घाटाचं म्हणाल तर रँचिटावरून उतरणारा एस-२२ रस्ता दहा-अकरा मैलांत साडेतीन हजार फूट खाली येतो. दृश्य अप्रतिम, पण पोट ढवळतं. जुलियन गावावरून हायवे ७८ ने यायलाही वळणं आहेत, मात्र जुलियनला थांबून पाय मोकळे करता येतात, ‘ॲपल पाय’ खाता येतो. आईला पुढच्या सीटवर बसवा, निघण्याआधी हलकं खाऊ द्या, उतारावर खालचा गिअर वापरा म्हणजे सारखे ब्रेक मारावे लागणार नाहीत. घाटात आणि पार्कात बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते. नकाशा घरूनच उतरवून घ्या, टाकी भरून निघा, आणि कुठल्या वाटेने कधी परतणार ते सॅन डिएगोतल्या कुणालातरी सांगून ठेवा.