डॅलसला बाससाठी कुठले लुअर घ्यावेत, माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की मार्च-एप्रिलमध्ये मुलीकडे डॅलसला चाललोय, इकडे पानशेत-खडकवासल्याला कणीक नाहीतर गांडूळ लावून गळ टाकायची सवय, तिकडे लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा मारायचाय तर कुठले लुअर (खोटे चारे) घेऊ आणि जिवंत चारा चालेल का. माझ्या मुलाकडे दोन फेऱ्या झाल्यात तिकडच्या, त्या भरवशावर सांगतो. आधी एक, बास म्हणजे आपल्याकडे हॉटेलात मिळतो तो बासा नव्हे, तो पंगेशियस, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुलनाच करायची तर मरळीशी करा. जात वेगळी पण खोड तीच, गवताच्या कडेला नाहीतर बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की हाणायचं. कणकेकडे तो ढुंकून बघणार नाही.

पहिल्या फेरीत मी काय केलं, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलेलं, दुकानात गेलो आणि क्रँकबेट (माशाच्या आकाराचा टणक लुअर), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा), जिग, पॉपर असे नाना प्रकार मिळून दीडशे डॉलर घालवून आलो, वर हौस म्हणून बेटकास्टर रील (आडव्या चरखीचं, शिकायला अवघड). त्या रीलने पहिल्याच फेकीला तंगुसाचं असं सुगरणीचं घरटं केलं की कात्रीच मागवावी लागली. (तुम्ही गपचूप स्पिनिंग रील घ्या.) मुलाच्या सोसायटीचं छोटंसं तळं, तीन दिवस फेकतोय फेकतोय, काही नाही, क्रँकबेट शेवाळात जायचा आणि हिरवा झाडू होऊन बाहेर यायचा. चौथ्या दिवशी शेजारचा दहा-बारा वर्षांचा पोरगा सायकलवर आला, एक रॉड, खिशात प्लास्टिकच्या किड्यांचं पाकीट, आणि अर्ध्या तासात तीन काढले त्याने. मी जाऊन सरळ विचारलं, बाबा काय लावतोस. लाज कसली त्यात.

तर तो लावत होता वॅकी रिग. पाच इंची मऊ प्लास्टिकचा वर्म, खडूसारखा सरळ, शेपूट-बिपूट काही नाही, त्याच्या बरोबर मधोमध गळ टोचायचा, शिसं लावायचं नाही. फेकायचा आणि काहीही करायचं नाही. प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेलं असतं त्यामुळे तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली जातो आणि जाताना त्याची दोन्ही टोकं थरथरतात, सगळी करामत तेवढीच. आपल्याला अवघड जातं ते हे काही न करणं, हात सारखे शिवशिवतात. त्या वेळात बघायचं कुठे तर पाण्यावरच्या तंगुसाकडे. तो ढिला पडलेला असतो, वर्म बुडेल तसा हळूहळू आत सरकत जातो, आणि मधेच एकदम टक्कन उडतो किंवा आडवा चालायला लागतो. रॉडला पुष्कळदा काहीच कळत नाही. कारण बास सहसा कुरतडत बसत नाही, तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि खोटं आहे समजलं की तसाच थुंकतो. म्हणून तंगूस चालला रे चालला की ढील गुंडाळायची आणि रॉड उचलायचा. हे जमलं त्या संध्याकाळी मला पहिला मिळाला, असेल पाऊण किलोचा, पण नाचलो मी.

तुम्ही चाललाय तो काळ त्याचा अंडी घालायचा. पाणी १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की ते उथळात येतात, नर शेपटीने तळ साफ करून खड्डा करतो आणि अंडी राखत बसतो. म्हणजे तुम्हाला बोटीची गरजच नाही, काठाकाठाने फिरा. फक्त खड्ड्यावरचा नर लागला तर फोटोच्या नादात वेळ काढू नका, लगेच तिथेच सोडा, तो हलला की बाकीचे छोटे मासे अंडी फस्त करतात. तुम्ही पोचल्यावर पाणी अजून गारच असेल तर मात्र लाल रंगाचा, तोंडाशी प्लास्टिकची जीभ नसलेला क्रँकबेट बुडालेल्या गवताच्या शेंड्यांवरून ओढायचा, अडकला की झटका देऊन सोडवायचा, बऱ्याचदा सुटतानाच मारतो. टेक्सासमध्ये त्या दिवसांत हा जुना ठरलेला लुअर आहे, बासला तो झिंग्यासारखा दिसणारा क्रॉफिश वाटतो. गवत फारच दाट असेल तर तोच वर्म टेक्सास रिगने लावा, पुढे गोळीच्या आकाराचं साडेतीन ते सात ग्रॅमचं शिसं आणि ३/० चा ऑफसेट (मानेशी वाकवलेला) गळ, टोक वर्मच्या अंगात लपवलेलं, म्हणजे अडकत नाही.

रंगाचं फार डोकं चालवू नका. पाणी नितळ असेल तर ग्रीन पंपकिन (हिरवट-तपकिरी), पाऊस पडून चहासारखं झालं तर काळा-निळा. गढुळात स्पिनरबेटही चांगला, पातं फिरताना पाणी थरथरतं ते माशाला अंगाच्या बाजूवरच्या संवेदनशील रेषेने कळतं, दिसायची गरज नाही.

फ्रॉग (पोकळ रबरी बेडूक) तर तुम्हाला मरळीमुळे माहितीच असेल. एप्रिल सरताना, संध्याकाळी, शेवाळाच्या चादरीवरून. पाणी फुटलं की लगेच खेचू नका, सेकंदभर थांबा, वजन हाताला लागू दे. आणि त्याला ५० पौंडाचा ब्रेड (विणलेला तंगूस) हवा, फ्लोरोकार्बनचा तंगूस बुडतो, फ्रॉगचं नाक खाली ओढतो.

जिवंत चारा चालतो, का नाही चालणार. मोठी गांडुळं दुकानात फ्रिजमध्ये डब्यात ठेवलेली मिळतात, शायनर नावाचे छोटे मासे तर बासला फारच आवडतात. पण गांडूळ निम्म्या वेळा ब्लूगिल नावाचे छोटे मासेच खाऊन जातात, आणि बासने घेतलं तर पार पोटात गिळतो, मग सोडला तरी जगेलच असं नाही. मी गांडूळ नातवासाठी ठेवतो, त्याला ब्लूगिल म्हणजे जग जिंकल्यासारखं.

लायसन्स ऑनलाइन दहा मिनिटांत होतं, बाहेरच्या माणसालाही लागतं, ते आधी काढा. १४ इंचाखालचा ठेवता येत नाही असा तिकडचा सर्वसाधारण नियम, काही तलावांचे वेगळे आहेत ते त्या त्या ठिकाणी बघा. टेक्सासातल्या लेक फोर्क तलावात १९९२ मध्ये १८.१८ पौंडाचा म्हणजे सव्वाआठ किलोचा निघाला होता, राज्याचा विक्रम आहे तो, पण तळ्यावर किलोभराचा लागला तरी खुशाल पेढे वाटा. धरताना खालच्या ओठात अंगठा घालायचा, मरळीसारखे दात नाहीत, बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं.

इथून काही नेऊ नका, नेलेच तर गळ चेक-इनमध्ये टाका, हातातल्या बॅगेत नको. आणि येताना पोकळ फ्रॉग चार जास्तीचे आणा, पावसाळा सरला की उजनीच्या गवतात मरळीला कामाला येतात. त्यातले दोन माझे, पैसे देतो.