मुलगी सोळाची, फाइल कुणाची?

"मुलगी सोळाची आहे, तिच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते आई-बापांनी बघायचं नाही?" मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. कुणी चिडून, कुणी रडवेलं होऊन, कुणी फीची पावती टेबलावर ठेवून. कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे, पण तेवढ्याने कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून एका घराची हकीकत सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.

इंदूरमधलं जुनं मराठी घर, रामबागेच्या बाजूचं. मुलगी अकरावीत, दुपारनंतर भंवरकुव्याला कोचिंग. अभ्यासात लक्ष नाही, जेवण टाळते, म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन आली आणि फॉर्मवर सही करून गेली. कारणाच्या रकान्यात तिने 'अभ्यासाचा ताण' लिहिलं होतं. दोन-तीन भेटींत कळलं की पाळी दोन-दोन महिने येत नाही, चेहरा मुरुमांनी भरलाय, हनुवटीवर केस आलेत आणि कोचिंगमधल्या एका मुलाने त्यावरून काहीतरी बोलून ठेवलंय. आईशी बोल, मी सोबत बसते, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, माझंही असंच व्हायचं, लग्नानंतर नीट होतं."

मग ती आत्याशी बोलली. आत्या तिला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या, पीसीओडी, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास, असावा असं निघालं आणि बाईंनी एकवीस गोळ्यांची पट्टी लिहून दिली. एकवीस दिवस गोळी, सात दिवस खंड. घरी सांगायचं परीक्षेनंतर, असं आत्या-भाचीचं ठरलं.

पट्टी दप्तरात सापडली ती परीक्षेच्या आधीच. बाबा ती खिशात घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "भिया, ये तो फॅमिली प्लॅनिंगवाली है." पुढचं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा दोघं माझ्यासमोर बसले होते. बाबांना दोन गोष्टी हव्या होत्या: फाइल, आणि एका प्रश्नाचं हो किंवा नाही. "तिचं कुणाशी काही आहे का, एवढंच सांगा मॅडम. आम्ही काय तिचे दुश्मन आहोत?"

उत्तर 'नाही' असं होतं आणि ते मला ठाऊक होतं. तरी मी दिलं नाही. या कामात पालकांना सगळ्यात जास्त राग याचाच येतो, म्हणून कारण नीट सांगते. आज दडवण्यासारखं काही नाही म्हणून मी 'नाही' म्हणून टाकलं, तर उद्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या वडिलांना, किंवा याच वडिलांना वर्षभराने, "ते मी सांगू शकत नाही" म्हणेन तेव्हा त्याचा अर्थ सरळ 'हो' होईल. काही नसतानाही जी गप्प बसते, तिच्याच गप्प बसण्यातून कुणाला काही वाचता येत नाही. बाबांना मी म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर तुमची मुलगी देईल, मी नाही. ती देईल अशी व्यवस्था करणं हे माझं काम.

ते वकिली डोक्याचे निघाले. अठराच्या आतल्या मुलीचं असं काही कळलं तर पोलिसांना कळवावं लागतं ना, असं त्यांनी विचारलं. लागतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, एकोणिसावं कलम सगळ्यांनाच लागू आहे, समुपदेशकाला आणि डॉक्टरलाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अठराच्या आत मुलीची स्वतःची मर्जी होती की नव्हती, हे तो कायदा बघत नाही. हे मी प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत सांगते: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लैंगिक अत्याचाराचं काही असेल, तर ते माझ्यापाशी राहणार नाही. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे तुम्ही पोलिसात गेला नाहीत, म्हणजे तसलं काही नाही!" आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. मी मान हलवली नाही, पण हसू दाबणं मात्र कठीण गेलं.

आता फाइलचं. इथे मी पालकांच्या बाजूने बोलते, कारण कायदा बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. भारतात अठरा पूर्ण होईपर्यंत मूल कायद्याने अज्ञान, म्हणजे सज्ञान नसलेलं. फौजदारी कायद्यात, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, बाराखालच्या मुलाची संमती ही संमतीच धरत नाहीत, ती पालकाने द्यायची. त्यावरून बारा ओलांडलेलं मूल साध्या तपासणीला स्वतः हो म्हणू शकतं असं डॉक्टर मानतात. पण शस्त्रक्रिया असली की पालकाची लेखी सही लागतेच, तसं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. अठराखालच्या मुलीचा गर्भपातही पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. जीव धोक्यात असेल आणि पालक हाताशी नसतील तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, कायदाही त्यांना थांबायला लावत नाही. आत्या, मावशी, आजी कितीही जिव्हाळ्याच्या असल्या तरी आई-वडील असताना त्या कायद्याने पालक ठरत नाहीत. आईची सही चालेल का, असं अजून विचारलं जातं. १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते असं सांगितलं, तेव्हा तो वाद नको.

कागद मागायचे तर लेखी अर्ज करावा. त्याच २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी बहात्तर तासांच्या आत नोंदींच्या प्रती द्यायच्या असतात. "तुम्हाला मिळतील, हक्काने मागा," असं मी बाबांना सांगितलं. फक्त मागण्याआधी मुलीला सांगा, एवढी अट घातली. ही अट कायद्याची नव्हती, माझी होती.

माझ्याकडच्या टिपणांची गोष्ट वेगळी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदासुद्धा अठराखालच्या मुलाचा प्रतिनिधी म्हणून पालकालाच धरतो. पण त्यातलं तेविसावं कलम गुप्ततेचं आहे. प्रतिनिधीला माहिती द्यायची ती त्याला त्याची जबाबदारी पार पाडता यावी म्हणून. मुलगी खाते किती, झोपते किती, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार आहेत का, पुढची भेट कधी, घरात काय बोलायचं टाळावं, हे सगळं मी पालकांना सांगते. कोचिंगमधला मुलगा काय म्हणाला आणि ती आईबद्दल रागाच्या भरात काय बोलली, हे ऐकून कुठली जबाबदारी पार पडणार आहे?

शनिवारी तिघांना एकत्र बसवलं. त्याआधी मुलीशी एकटीशी बोलले होते. काय सांगायचं, काय नाही ते तिने ठरवलं होतं. तिने सगळंच सांगितलं, माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त. गोळ्या पाळीसाठी आहेत, त्यात संप्रेरकं असतात, तीच गर्भनिरोधक म्हणूनही वापरतात आणि पीसीओडीत पाळी नियमित करायला आणि मुरुमं कमी करायलाही देतात, हे ती एखाद्या विद्यार्थिनीने पाठ म्हणून दाखवावं तसं बोलली. बाबा मान खाली घालून ऐकत होते.

आई मात्र गोळीच्या नावावर अडकली होती. तिने विचारलं, "यात इस्ट्रोजेन असतं का?" ते त्या संप्रेरकांपैकीच एक. असतं, असं मी सांगितलं. आई म्हणाली, "या पोरीच्या वेळी, बाळंतपणानंतर माझ्या पायात गुठळी झाली होती. देवासला, माहेरी. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, या गोळ्या तुम्ही कधी घेऊ नका."

मुलगी चकित. बाईंनी तिला विचारलं होतं, घरात कुणाला रक्ताची गुठळी, पक्षाघात, अर्धशिशी? तिने नाही सांगितलं होतं, कारण तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आत्या शेजारी होती, पण ते बाळंतपण माहेरी झालेलं, आत्याच्या लक्षात कुठून असणार! आईला किंवा सख्ख्या भावंडांना असं झालेलं असेल तर इस्ट्रोजेनची गोळी देताना डॉक्टर फार सांभाळून निर्णय घेतात. त्या सोमवारी आई मुलीला घेऊन त्याच बाईंकडे गेली. बाईंनी ती पट्टी थांबवली आणि महिन्यातले ठरावीक दिवस घ्यायच्या इस्ट्रोजेन नसलेल्या, नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या.

'मुलांची प्रायव्हसी' म्हणत पालकांना दाराबाहेर ठेवणाऱ्या माझ्या काही तरुण सहकाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःचं शरीर माहीत असतं, घराण्याचं नसतं. पालकाची सही कायद्याने मागितली आहे म्हणून तो नुसता सोपस्कार ठरत नाही.

बाबांनी कागद मागवले. दोन पानं आली. निदान, तपासण्या, औषधं, बस. मुलीची त्याला हरकत नव्हती. तिचं दुखणं दुसरंच निघालं, आणि तेही पुढच्या भेटीत, माझ्यासमोर बाबांना तिने ऐकवलं, "तुम्ही फाइल मागितलीत त्याचं काही नाही. तुम्ही पट्टी घेऊन दुकानात का गेलात? आता दुकानातला तो मुलगा मी दिसले की बघत बसतो." बाबांना हे सुचलंच नव्हतं. माझ्याकडून बाहेर काही जाऊ नये म्हणून आम्ही इतका खल केला होता आणि बातमी गल्लीत पोचली ती वडिलांच्या खिशातून. त्या दुकानात त्यांनी परत काही विचारलं नाही. औषधं आता दुसरीकडून, राजवाड्याजवळून आणतात. दुकानदाराचं तोंड बंद करायला गेलो तर बोभाटा वाढेल, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

अठरानंतर काय, हेही त्यांनी विचारून घेतलं. अठरा पूर्ण झाल्या दिवशी पालकांची सही संपते. २००८ चा समीरा कोहली निकाल मी अशा वेळी सांगते: चव्वेचाळीस वर्षांची बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन केलेली जादा शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावर बेतलेलं नसेल, तर आई असो की नवरा, विचारायचं रुग्णालाच. "म्हणजे दीड वर्षच राहिलं," बाबा म्हणाले. मी म्हटलं, हो, तेवढ्यात तिला फाइल सांभाळायला शिकवा.

आईने ते लगेच मनावर घेतलं. देवासच्या त्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड तिने माहेराहून शोधून आणवलं, झेरॉक्स काढली आणि मुलीच्या फाइलला लावायला दिली. वर पेनाने लिहिलं होतं: कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस की आधी हे दाखव.