1984 सालातली सर्वोत्तम पॉप सिंगल्स (अल्बमपासून वेगळ्या छोट्या तबकडीवर निघालेली गाणी) कोणती?

पहिलं प्रिन्सचं ‘व्हेन डव्ह्ज क्राय’, यावर चर्चा नको. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या यादीत ते पहिलंच होतं, पण माझं कारण वेगळं आहे. या गाण्यात बास (तळाचे जाड सूर देणारं वाद्य) नाही. म्हणजे होता, मिक्सिंग करताना प्रिन्सने काढून टाकला. ‘बासशिवाय पाय हलत नाहीत’ असं छातीठोक सांगणाऱ्या एका बासवादकाने हे उत्तर वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

पाय हलतात ते लिन एलएम-1 ड्रम मशीनमुळे. त्यात प्रत्येक आवाज वेगळा ट्यून करता येतो. ड्रमच्या कडेवरची (रिमवरची) टिचकी इथे इतकी खाली उतरवलीय की दारावर थाप पडल्यासारखी वाजते. तळाला दुसरं कुणीच नाही, म्हणून किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) एकटी ताल आणि वजन दोन्ही पेलते, आणि गळा अगदी कानाशी येतो.

स्वतः करून बघायचं तर बासचा ट्रॅक नुसता म्यूट करू नका. सगळे तिथेच फसतात: कीबोर्डचा डावा हात तसाच राहतो, 150 ते 300 हर्ट्झमध्ये गिचमिड उरते आणि खाली पोकळी. आधी डावा हात काढा. मग किकची शेपटी लांबवा आणि तिचा सूर गाण्याला जुळवा. ए मायनर असेल तर 55 हर्ट्झ. रिव्हर्ब (आवाजाची घुमणारी छटा) आवरता घ्या. आणि मोबाइलच्या स्पीकरवर निकाल लावू नका, तिथे बास असला काय नि नसला काय, सारखंच.

बाकी यादी: जॉर्ज मायकलचं ‘केअरलेस व्हिस्पर’, सिंडी लॉपरचं ‘टाइम आफ्टर टाइम’, फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं ‘रिलॅक्स’.

हो, ‘रिलॅक्स’ बाजारात आलं 1983 च्या ऑक्टोबरात, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं जानेवारी 84 मध्ये. ‘केअरलेस व्हिस्पर’ उलटं: ब्रिटनमध्ये 84 चं, बिलबोर्डच्या वार्षिक यादीत मात्र 85 चं पहिलं. तेव्हा ‘वर्षातलं’ म्हणताना कुठल्या देशातलं ते आधी ठरवा.

आणखी एक. ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ अल्बमवर जवळजवळ सहा मिनिटांचं आहे, सिंगलवर चारपेक्षा कमी. शेवटचा लांब भाग सिंगलमध्ये कापला गेला. बास हवाच असेल तर तीच तबकडी उलटा, मागे ‘17 डेज’ आहे.