दाराबाहेरची वकिली

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पहिलाच अशील तिकडे अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्रीय, ग्रँड ज्युरीपुढे साक्षीला जाणार आणि तुला त्या खोलीत पाऊलही टाकता येणार नाही, म्हणून चिडलायस. मीही चिडलो होतो. आत सरकारी वकील, लघुलेखक, लागला तर दुभाषी, आणि १६ ते २३ ज्युरर. न्यायाधीशसुद्धा नाही. आपण बाहेर बाकावर. म्हणजे जे काय करायचं ते आधीच.

सरकारी वकिलाला फोन करून विचार: माझा अशील नुसता साक्षीदार, ‘सब्जेक्ट’ (ज्याचं वागणं तपासाखाली आहे) की ‘टार्गेट’ (ज्याच्यावर आरोप ठेवायचा विचार आहे)? उत्तर लिहून ठेव, पण त्यावर निर्धास्त झोपू नकोस. आजचा साक्षीदार उद्या टार्गेट होऊ शकतो.

घरच्यांना ज्युरी म्हटलं की १९५९ चा नानावटी खटला आठवेल. त्यांना सांग, ही ज्युरी दोषी की निर्दोष हे ठरवत नाही. आरोप ठेवण्याइतपत आधार आहे का, एवढंच बघते. १२ जणांचं मत पुरतं. अशिलाच्या बाजूचा पुरावा दाखवायला सरकारी वकील बांधील नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९९२ मध्ये विल्यम्स खटल्यात म्हटलंय.

माझा एक अशील पुण्याचा, हिशेबनीस. सकाळी साडेसहाला सरकारी तपास करणारे दोन एजंट दारात सबपीना, म्हणजे साक्षीचं समन्स, घेऊन आले. यानं त्यांना बसवलं, चहा केला आणि चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. घरी आलेल्याला दारातून कसं घालवायचं! त्या गप्पांतली एक तारीख चुकली, आणि ती निस्तरायला मला आठ महिने लागले. एजंटाशी जाणूनबुजून खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतचा. चूक आणि खोटं यांतला फरक नंतर आपल्याला पटवत बसावं लागतं.

कंपनीचा वकील ‘आपला’ नसतो, हेही तुझ्या अशिलाला बजाव. तो कंपनीचा. फी परवडत नसेल, तर कोर्टाकडे नेमणुकीचा वकील मागता येतो. १९६४ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टखाली ती सोय आहे. आणि व्हॉट्सॲपवरचा एकही मेसेज पुसायचा नाही. तपासात अडथळा आणायला पुरावा नष्ट केला तर वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूळ भानगड कदाचित त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, असं सांगणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. ‘त्या आधारानं मी उत्तर देत नाही’ हे वाक्य कार्डावर लिहून दे, तो वाचून दाखवील. मात्र इम्युनिटीचा, म्हणजे त्याची साक्ष त्याच्याविरुद्ध वापरणार नाही असा, हुकूम आला, की त्या कारणानं गप्प राहता येत नाही. तरीही तोंड उघडलं नाही, तर कोर्टाचा अवमान, आणि अठरा महिन्यांपर्यंत तुरुंग.

साक्षीदाराला मधेच बाहेर येऊन वकिलाला विचारता येतं. माझा हिशेबनीस दोन तास आला नाही. मी पिवळं पॅड मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलेलो. नंतर म्हणतो, “तेवीस माणसं खोळंबली असती, बरं दिसलं नसतं.”

तेव्हा ‘मला माझ्या वकिलांशी बोलायचंय’ हे तुझ्या अशिलाकडून दहादा म्हणवून घे. इंग्रजीत, मोठ्यानं, खुर्चीतून उठून दारापर्यंत चालत येण्यासकट.

तुझा,
काका