होम थिएटरचा आवाज सुधारायचा आहे: आधी रिसीव्हर बदलू, केबल की छताचे स्पीकर?

तुमच्याकडे ५.१ सेट आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर (सब). संवाद कळत नाहीत आणि बेस सोफ्याच्या एका टोकाला घुमतो, तर दुसऱ्या टोकाला जाणवतच नाही. या दोन तक्रारींसाठी रिसीव्हर, केबल आणि छताचे स्पीकर यांपैकी एकही आत्ता घेऊ नका.

संवादांपासून सुरुवात करा, कारण तिथे बहुतेकदा खर्चच नसतो. टीव्हीचं ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर एआरसीतून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे नेणारी सोय) रिसीव्हरला फक्त स्टिरिओ पोहोचतं. ते 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी किंवा डीटीएस असं उमटतंय का ते बघा. सेंटर स्पीकर (संवाद वाजवणारा मधला) टीव्ही युनिटच्या खणात आत सरकवलेला असेल तर खणाची पोकळी घुमते आणि पुरुषांचे आवाज भरड येतात. तो खणाच्या पुढच्या कडेला आणा, खाली रबराची पाचर देऊन ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानांकडे वळवा आणि रिसीव्हरमध्ये सेंटरची लेव्हल २-३ डेसिबलने चढवा. एवढं करूनही शब्द पुसट राहिले तरच नवा सेंटर घ्या, आणि तोही डाव्या-उजव्या स्पीकरच्याच मालिकेतला. नाहीतर पडद्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलतो.

बेसचा दोष बहुधा सबवूफरचा नसून खोलीचा असतो. ५ मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेचा पहिला अनुनाद (भिंतींमध्ये लाट अडकून एकच सूर घुमणं) साधारण ३४ हर्ट्झला येतो: टोकाच्या भिंतींजवळ तो फुगतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. इक्वलायझरने फुगवटा कापता येतो, खड्डा मात्र भरत नाही. तिथे लाटा एकमेकींना खातात, त्यामुळे ताकद वाढवली की अ‍ॅम्प्लिफायर तेवढा दमतो. म्हणून जागा शोधा. सब उचलून थेट सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस गिटारची एखादी चढती-उतरती ओळ पुन्हा पुन्हा वाजवा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐका. (घरचे हसतील, हसू द्या.) जिथे सगळे सूर सारख्या जोराने येतात, ती सबची जागा.

मग रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा आणि सबच्या मागचा फ्रिक्वेन्सीचा नॉब पूर्ण वर फिरवा. तो ८० वरच राहिला तर दोन फिल्टर एकावर एक चढतात आणि नेमका त्याच पट्ट्यात आवाज पातळ होतो. सबवरचा फेजचा स्विच (त्याच्या लाटा स्पीकरच्या लाटांशी जुळवणारा) ० आणि १८० दोन्हीकडे करून बघा. बसल्या जागी बेस जिकडे भरीव लागतो ते ठेवा.

पैसे घालायचेच असतील तर मी दुसरा, तसाच सबवूफर घेईन आणि दोन्ही समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवीन. सोफ्याच्या दोन टोकांमधला फरक त्यानेच सर्वात जास्त कमी होतो. एक अजस्र सब एकाच जागेवरून ते करू शकत नाही.

त्यानंतर खोली. टाळी वाजवल्यावर झणझणीत प्रतिध्वनी येत असेल तर जमिनीवर जाड गालिचा टाका. बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. सोफ्यावरून त्यात पुढचा स्पीकर दिसेल तिथे किमान ५ सेंटिमीटर जाडीचं रॉकवूलचं पॅनेल लावा. पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतो, मग आवाज कोंदट होतो.

रिसीव्हरचं गणित कोरडं आहे: १०० ऐवजी २०० वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल, आणि आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० लागतात. ईएआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती) हवं असेल, चांगलं रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी सोय) हवं असेल, किंवा ४ ओहमच्या स्पीकरवर सध्याचा बंद पडत असेल, तर बदला. करेक्शन चालवताना पंखा-एसी बंद ठेवा आणि माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा, सोफ्याच्या पाठीला टेकवू नका. शेवटी स्पीकर 'लार्ज' झालेत का ते तपासा, तसं होतं.

छताचे स्पीकर सगळ्यात शेवटी. आवाज छतावर आपटवून परतवणारे घेणार असाल तर छत सपाट आणि टणक लागतं. तिरप्या किंवा खाचाखोचांच्या फॉल्स सीलिंगखाली ते फुकट जातात.

स्पीकरची केबल ५ मीटरपर्यंत १६ गेजची (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड), त्याहून बरीच लांब असेल तर १४ गेजची पुरते. फक्त तांबं अस्सल आहे ना ते बघा: एक तार ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे.