परवाना आधी की ओटा आधी?

प्रश्न : ताई, घरून खाद्यपदार्थ विकायचे आहेत. परवाना मिळेपर्यंत स्वयंपाकघराचं काम उरकून घेऊ का?

उत्तर : थांबा जरा! मीही हौसेने आधी ओटा बांधला. तपासनीस आले, हात धुवायला वेगळं बेसिन नाही म्हणून अर्ज परत. नवाकोरा ओटा फोडला! तेव्हा आधी परवाना देणाऱ्या स्थानिक कार्यालयात विचारा, घरून विक्री चालते का आणि धंद्याची नोंदणी वेगळी लागते का. स्वयंपाकघराचा कच्चा नकाशा सोबत न्या. गार पदार्थ 5 अंश सेल्सिअसखाली, गरम 60च्या वर कसे ठेवणार, कच्चं आणि शिजलेलं वेगळं कुठे, याची उत्तरं तयार हवीत. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. मी तीही विसरले होते, पण ते रडगाणं नको.