रिकामा अंगरखा

प्रश्न : स्कॉटलंडच्या जॉन बॅलिओल राजाला ‘रिकामा अंगरखा’ असं का हिणवत?

उत्तर : माझी आजी शिवणकाम करायची. उसवलेल्या कापडावर उरलेली टाक्यांची भोकं ती बोटानं चाचपायची. बॅलिओल म्हटलं की मला तीच आठवतात. १२९० मध्ये सात वर्षांची वारस मार्गारेट नॉर्वेहून येताना वाटेतच वारली आणि गादीवर १३ जणांनी हक्क सांगितला. निवाड्याला बसवलं कुणाला, तर इंग्लंडचा राजा एडवर्डला! (शिंक्याला राखण मांजराची.) १२९२ मध्ये कौल बॅलिओलला मिळाला. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी रॉबर्ट ब्रूस हा राजघराण्यातल्या डेव्हिडच्या दुसऱ्या लेकीचा मुलगा, तर बॅलिओल थोरलीचा नातू. १२९६ मध्ये एडवर्डशी बिनसलं, हरला. तेव्हा त्याच्या अंगरख्यावरचं राजचिन्ह ओरबाडून काढलं आणि त्याची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली.